पंधरावी हरकत

१

सोमवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चष्मेवालीने प्रार्थनागृहातलं पवित्र कपाट उघडलं आणि तिच्या तोंडून एक वाक्य निसटलं. ते परत घेता आलं असतं, तर दुकानातल्या अर्ध्या फ्रेमा तिने फुकट वाटल्या असत्या.

"अहो, धाकटी कुठंय?"

मागे खुर्च्या मांडणारे दोघं जागच्या जागी थांबले. दोघांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला धक्का म्हणत नाहीत. त्याला सुटका म्हणतात.

"तुझ्या लक्षात आलं वाटतं," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आलं ना लक्षात?" अध्यक्षांनी खात्री करून घेतली. "मी साक्षीदार आहे. सहा दहा."

या मंडळींना धर्मगुरू नव्हता. ठेवण्याइतकी संख्या नव्हती आणि कुणाचं ऐकून घेण्याइतका स्वभाव नव्हता. सव्वीस यहुदी कुटुंबं सगळं आपलं आपणच करायची: प्रार्थना चालवणं, नळ दुरुस्त करणं, मयताला खांदा देणं, चहाची भांडी विसळणं. कामं वाटायचा नियम एकच होता आणि तो चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी उत्साहाच्या भरात केला होता: ज्याच्या लक्षात आलं, त्याचं ते काम. तेव्हापासून मंडळींची नजर वर्षागणिक अधू होत चालली होती. छतावर, अगदी मधोमध, परातीएवढा ओलीचा डाग होता. दोन वर्षं तो कुणालाच दिसलेला नव्हता.

चष्मेवालीचा धंदाच लोकांना दिसतं की नाही ते बघण्याचा. तिला सवय नडली. आता तपास तिच्या गळ्यात.

कपाटात तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, दोन गुंडाळ्या असायच्या, हाताने चामड्यावर लिहिलेल्या. थोरली अठरा किलोंची, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाचायची. धाकटी पाच किलोंची, खास प्रसंगी मिरवायची. थोरली होती तिथेच होती. तिच्या शेजारी धाकटीचा निळा मखमली अंगरखा नीट घडी करून ठेवलेला, त्यावर तिचा पट्टा, त्यावर चांदीची दोन्ही घुंगरं. कपडे काढून पोहायला गेलेल्या माणसासारखं सगळं जिथल्या तिथे. माणूस तेवढा नाही.

"चांदी ठेवली आणि चामडं नेलं?" चष्मेवाली म्हणाली. "हा कसला चोर?"

पहिल्या रांगेत काठीवर हात ठेवून तिची आई बसली होती. वय ब्याऐंशी, वजन एकेचाळीस किलो. येत्या शनिवारी ती गुंडाळी हातात घेऊन सगळ्यांमधून फिरणार होती. मंडळींच्या इतिहासात असं करणारी पहिली बाई. अकरा सभा घेऊन तसा ठराव झाला होता. आज फक्त सराव होता.

पुढच्या आठवड्यात बुधवारी आईच्या खुब्याचं ऑपरेशन. त्यानंतर वॉकर, आणि वॉकरला दोन्ही हात लागतात. म्हणजे हा शनिवार, नाहीतर कधीच नाही.

आईने रिकाम्या अंगरख्याकडे बघितलं.

"मग शनिवारी मी काय उचलायचं?" ती म्हणाली. "घुंगरं?"

२

"थोरली देऊ की," अध्यक्ष म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे वजनाचा प्रश्न आला की त्यांना हुरूप यायचा. "दोन्ही बाजूंनी दोघं धरतील. आजी मध्ये नुसत्या चालतील."

"म्हणजे आईला मिरवायचं की गुंडाळीला?"

"आणि गुंडाळी पडली तर?" मेट्रनबाई म्हणाल्या. "हजर असलेल्या प्रत्येकाला उपास. मला मधुमेह आहे. मी त्या दिवशी हजर राहणार नाही, आताच सांगते."

"तुम्हाला यायचंच नाहीये, असं म्हणा ना," चष्मेवाली म्हणाली. संशयितांशी गोड बोलावं हे तिला ठाऊक होतं. पण या दोघांना ती लहानपणापासून ओळखत होती.

मेट्रनबाई मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. आता इस्पितळ नाही म्हणून प्रार्थनागृहाला शिस्त लावत होत्या. दर रविवारी सकाळी येऊन पुसून काढायच्या. ठराव झाला तेव्हा पहिली बाई आपणच असणार असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यासाठी निळी साडीही घेतली होती, अंगरख्याला शोभेलशी. मग सभेने एकमताने आईचं नाव घेतलं. साडी घडीतच राहिली.

"मी एकटीने थोरली उचलली असती," त्या म्हणाल्या. "एका हाताने. पण मला कोण विचारतो? आणि चोरी करायची तर मी पाच किलोंची करीन होय?"

"धाकटी शेवटची कधी पाहिलीत?"

मेट्रनबाईंनी छताकडे पाहिलं, डागावर नजर जाताच घाईने खाली पाहिलं.

"मावशी, तुमच्यावर काम येणार नाही. ते माझ्या गळ्यात पडलंय. आता खरं सांगायला पैसे पडत नाहीत."

"खरंच?" मेट्रनबाईंचा जीव भांड्यात पडला. "मग सांगते. तीन रविवार झाले. सकाळी कपाट पुसलं तेव्हा होती. अंगरख्याच्या आत घालायचा पट्टा कुणी बावळटाने अंगरख्याच्या वरून बांधला होता. रुग्णाला गाऊनवरून बनियन घातल्यासारखं. मी सगळं काढून नीट बांधलं. पुढच्या शनिवारी कपाट उघडलं, तर जागा रिकामी."

"तीन आठवडे? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी एकटीच कशी? अध्यक्ष रोज कपाट उघडतात. त्यांना विचार."

चष्मेवालीने वळून पाहिलं. अध्यक्षांच्या हातात खुर्ची होती, आणि ते तिच्यासकट मागच्या दाराने हळूच निघाले होते.

३

तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"तीन आठवडे!" ती ओरडली.

"हळू, हळू. मला दिसली नाही, हे खरं. पण दिसली नाही म्हणजे लक्षात आलं असं कुठंय? माणसाला रोज किती गोष्टी दिसत नाहीत."

"काका, तुम्ही अध्यक्ष आहात."

"याच महिन्यापुरता. पुढच्या महिन्यात दंतवैद्य. मी म्हटलं, त्याच्या लक्षात येईल."

कपाटाची चावी कुणाकुणाकडे असते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. चावी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि खिळ्याखाली पाटी होती: ‘चावी इथे नाही’. सुरक्षा उपसमितीचं हे आजवरचं एकमेव काम.

"तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

अध्यक्षांनी खुर्ची खाली ठेवली, तिच्यावर बसले आणि आवाज उतरवला. "आता तू विचारतेसच म्हणून. ठरावाच्या विरोधात कोण होतं? एकच माणूस."

ते नाव घ्यायची गरज नव्हती. त्या माणसाला सगळे हरकतकाका म्हणत. छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी आधी चुका काढायचा आणि मग नवरानवरीची नावं वाचायचा. ठरावावर त्यांनी चौदा लेखी हरकती घेतल्या होत्या. चौदाव्या हरकतीनंतर समितीने ठरवलं की यापुढे त्यांचा कागद हातात घ्यायचा नाही. त्यावर काकांनी जाहीर केलं की मग यापुढे समितीशी तोंडी बोलणार नाही.

"बाईने उचलू नये, म्हणून गुंडाळीच गायब," अध्यक्ष म्हणाले. "मला तर पटतं. शिवाय हल्ली त्यांचं चित्त ठिकाणावर नाही. तीन शब्बाथ झाले, स्वतःची प्रार्थनेची शाल आणत नाहीत. कपाटातली सार्वजनिक शाल पांघरतात. गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. उंच माणूस, टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून आल्यासारखा दिसतो."

"हे मात्र तुमच्या लक्षात आलं."

अध्यक्ष दचकले. "शालीचं काम माझ्याकडे लावू नकोस हं."

४

हरकतकाकांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बैठकीच्या टेबलावर भिंग, तीन लाल पेन्सिली आणि एका औषधाच्या पुडीवरचा कागद होता. त्यावर सहा चुकांना गोल केलेले होते.

"काका, मी समितीची म्हणून नाही आले. आईची मुलगी म्हणून आले."

"तू ग्रंथालय उपसमितीत आहेस," काका म्हणाले.

"ग्रंथालयात अकरा पुस्तकं आहेत हो!"

"नऊ. दोन परत आलेली नाहीत."

तिने दीर्घ श्वास घेतला. दुकानात दिवसभर ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट’ विचारून ‘दोन्ही सारखंच’ ऐकणाऱ्या बाईचा संयम होता तो. "धाकटी नाहीशी झाली आहे. तुम्हाला त्याबद्दल काही माहिती आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

"मला जे सांगायचं होतं, ते मी लेखी दिलेलं आहे."

"मी तुमच्या हरकतींचं नाही विचारत. धाकटी..."

"लेखी दिलेलं आहे."

"आई ब्याऐंशीची आहे, काका. साठ वर्षं वर बायकांच्या माडीवर बसून तिने ती गुंडाळी लांबून बघितली. पुढच्या बुधवारी तिला ऑपरेशनला नेणार. तुम्हाला बायकांनी हात लावलेला चालत नसेल तर तसं तोंडावर सांगा, पण असं..."

काकांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. राग होता की दुखावल्यासारखं काही, ते तिला कळेना. ते उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. ही निघायची खूण.

"चौदा हरकती घेऊन पोट भरलं नाही तुमचं?" ती उंबरठ्यावरून म्हणाली.

"पंधरा," काका म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

५

बुधवारी संध्याकाळी तिने समितीची फाइल घरी आणून तीन वेळा मोजली. हरकती चौदा. पंधरावी नव्हतीच.

"मुद्रितशोधकाची मोजणी चुकत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "चोरी केलीन आणि वर आकडाही सांगतोय."

आई पलंगावर बसून शनिवारचा सराव करत होती. धाकटीच्या वजनाची वस्तू म्हणून तिने साबणाच्या पावडरची पिशवी दुपट्यात गुंडाळून खांद्याला लावली होती. पाच पावलं जायची, वळायची, पाच पावलं यायची. प्रत्येक पावलाला खुबा कुरकुरत होता, आई कुरकुरत नव्हती.

"आई, पुरे आता."

"शनिवारी साबणच न्यावा लागला तर निदान सवय हवी." ती बसली. "काय काय कळलं ते सांग बघू. सगळं सांग. मध्ये चिडू नकोस."

चष्मेवालीने सगळं सांगितलं आणि चार वेळा चिडली. घुंगरांवर चिडली, लिफ्टवाल्या अध्यक्षांवर दोनदा आणि मेट्रनबाईंनी सांगितलेल्या त्या बावळटावर. "पट्टा वरून बांधला होता म्हणे. कुणाला धड बांधताही येत नाही, आणि..."

"काय म्हणालीस?"

"पट्टा. अंगरख्याच्या आतून असतो ना, तो वरून..."

आईने साबणाची पिशवी हळूच बाजूला ठेवली. "कुठल्या दिवशी?"

"रविवारी सकाळी मेट्रनबाईंनी बघितला. म्हणजे शनिवारी कुणीतरी बांधला असणार."

"अगं वेडे," आई म्हणाली. "शब्बाथला लिहायचं नसतं. गुंडाळीत चूक सापडली, एखादं अक्षर तडकलेलं, पुसलेलं, तर चिठ्ठी कशी लावणार? मग पट्टा वरून बांधायचा. म्हणजे पुढच्याला कळतं: ही वाचू नका, ही आजारी आहे. माझ्या वडिलांनी असा दोनदा बांधलेला मी बघितलाय. तीस-पस्तीस वर्षांत तशी वेळच आली नाही, म्हणून खालच्या कुणाला आठवत नसेल. वरून सगळं दिसतं गं. फक्त कोणी विचारत नाही."

चष्मेवाली हळूहळू उभी राहिली. डोळ्यांच्या तपासणीत भिंगं एकेक बदलावीत आणि धूसर तक्ता अचानक लख्ख व्हावा, तसं झालं.

"चांदी ठेवली, कारण चांदीला काही झालेलं नव्हतं," ती म्हणाली. "नेलं ते फक्त लिखाण. आणि लिखाण म्हणजे चामडं, ते उघडं कसं नेणार? कशात तरी गुंडाळायला हवं, आणि ते कापडही पवित्र हवं."

"शाल," आई म्हणाली.

"उंच माणसाची, लांब शाल! म्हणून तर बिचारा तीन आठवडे टॉवेलात आहे. एक अक्षर तडकलेलं या गावात कुणाच्या नजरेला पडेल? औषधाच्या पुडीवर सहा चुका काढणाऱ्याच्या. त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याचं ते काम झालं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ते मुकाट्याने केलं!" तिने कपाळावर हात मारला. "आणि लेखी दिलंय म्हणतो. पण हातात कागद घ्यायचा नाही, असं आम्हीच ठरवलं. मग दिलं कुठे?"

आईने तिच्याकडे पाहिलं. दोघींना एकदमच सुचलं आणि दोघींचेही चेहरे पडले.

"नाही," चष्मेवाली म्हणाली. "ती पेटी नाही."

६

तक्रारपेटी प्रार्थनागृहाच्या दाराशीच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार वर्षांत ती कुणी उघडलेली नव्हती, कारण जो तक्रार वाचील त्याच्या ती लक्षात येईल, आणि पुढचं सगळ्यांना पाठ होतं. किल्ली हरवली होती. ती हरवल्याचंही कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"मी मागे वळून उभा राहतो," गुरुवारी पाच वाजता अध्यक्ष म्हणाले. "मी काहीच बघितलेलं नाही."

चष्मेवालीने पर्समधून चष्म्याचा बारका स्क्रूड्रायव्हर काढला. चार स्क्रू, आणि पेटीचं पोट फुटलं. एकोणऐंशी कागद, एक छत्री नेल्याबद्दलची तक्रार, तीच छत्री परत केल्याबद्दलची तक्रार, आणि मेट्रनबाईंची अकरा पत्रं. अकराही पत्रांचा विषय एकच: पेटी उघडली जात नाही.

सर्वांत वर पांढरा लिफाफा होता. त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलेलं: ‘क्रमांक १५. तातडीचे.’

तिने मोठ्याने वाचलं.

"‘समितीस. धाकटीच्या चौथ्या पट्टीत सातव्या ओळीतील एक अक्षर तडकले आहे. अशी गुंडाळी मिरवणे योग्य नाही. मी रीतीप्रमाणे पट्टा वरून बांधला. रविवारी दुपारी आलो तर कुणीतरी तो आत बांधलेला. खुणेला हे उत्तर असेल, तर मी ते वाचले नाही असे समजतो. गुंडाळी धार्मिक लेखनिकाकडे, बसने तीन तासांवर, नेली आहे. नेताना माझा भाचा सोबत होता. तो आता परगावी आहे. काम मिरवण्याच्या शनिवारआधी, गुरुवारपर्यंत होईल. लेखनिक शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच भेटतो, नंतर महिनाभर गावाला जातो. गुंडाळी परत आणताना दोघे असावेत, ही रीत आहे. एक मी. दुसरी व्यक्ती समितीने लेखी नेमावी. शुक्रवारची बस सात वाजता. नेमणूक न आल्यास मी जाणार नाही. रीत ती रीत.

ठरावाला माझी हरकत कायम आहे. त्या दिवशी सभेला एक सभासद कमी होता आणि ठराव पुन्हा, पूर्ण संख्येने घ्यायला हवा होता. कुणी म्हणू नये की त्या बाईंचा मान अपुऱ्या सभेत उरकला. पण ठराव झाला आहे. साठ वर्षे ज्यांनी वरून पाहिले, त्यांच्या हातात चुकीची प्रत देणे माझ्या धंद्याला शोभणार नाही.’"

अध्यक्ष मागे वळलेलेच होते, पण त्यांची मान खाली गेली होती.

"तो आमच्या बाजूने भांडत होता," मेट्रनबाई म्हणाल्या. "चौदा वेळा. आणि पट्टा मी सोडला."

"रडू नका, मावशी. समितीचा शिक्का कुठंय?"

शिक्का दंतवैद्याकडे होता. दंतवैद्य दौऱ्यावर. समितीचा कागद अध्यक्षांच्या घरी, घराची किल्ली बायकोकडे, बायको माहेरी. चष्मेवालीने डोळे मिटले, दहापर्यंत मोजले आणि दुकानाचं पॅड काढलं. डाव्या डोळ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘दुसरी व्यक्ती: मी.’ उजव्या डोळ्याच्या रकान्यात अध्यक्षांची सही घेतली.

हरकतकाकांनी दारात उभं राहून चष्म्याचा तो कागद दोन वेळा वाचला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

तिने तारीख घातली.

"सातला निघू," काका म्हणाले. मग, बराच वेळ गिळून धरलेलं एकदम बाहेर पडावं तसं, "चहाचा थर्मास मी आणतो. तुझ्या आईला किती वेळ उभं राहवतं हल्ली?"

७

परतीची बस दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी काकांनी कंडक्टरला तिकिटावरच्या चुका दाखवल्या. तो इतका वैतागला की त्याने स्वतः खाली उतरून बस ढकलायला माणसं जमवली. सूर्य मावळायला वीस मिनिटं असताना लांब शालीत गुंडाळलेली धाकटी कपाटात परत आली. मेट्रनबाईंनी तिला अंगरखा घातला. पट्टा त्यांनी आतून बांधला आणि बांधण्याआधी काकांकडे बघून घेतलं.

शनिवारी अध्यक्षांनी धाकटी आईच्या खांद्याला लावून दिली. आईने काठी लेकीकडे दिली. क्षणभर सगळ्यांनी श्वास धरला, मेट्रनबाईंनी सर्वांत मोठा. त्या निळ्या साडीत आल्या होत्या आणि आईच्या मागे एक पाऊल ठेवून, हात पुढे करून, झेल घ्यायच्या तयारीत चालत होत्या.

"वरून मोठी दिसायची गं," आई पुटपुटली. "आणि तुम्हा सगळ्यांना टकलं आहेत हे माहीत होतं, तोंडं आज बघतेय."

पाच पावलं, वळण, पाच पावलं. लोक शालीचं टोक गुंडाळीला टेकवून ओठांशी नेत होते. हरकतकाकांची शाल आज पुरेशी लांब होती. बरोबर मधोमध आई थांबली.

टप्.

थेंब तिच्या कपाळावर पडला. धाकटीपासून चार बोटांवर.

सव्वीस कुटुंबांनी एकाच वेळी प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलं. अध्यक्षांना अचानक खोकला आला. चष्मेवालीने ओठ घट्ट मिटले आणि आईकडे डोळे वटारले: नको. बुधवारी ऑपरेशन आहे. नको म्हणजे नको.

आईने गुंडाळी छातीशी घट्ट धरली आणि मान वर केली. साठ वर्षं माडीवरून खाली बघणाऱ्या बाईने पहिल्यांदाच खालून वर पाहिलं, नीट, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"छत गळतंय," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

पुस्तकांची पानं घाईघाईने उलटली गेली.

"आजी," अध्यक्ष कसेबसे म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना, ज्याच्या लक्षात येतं..."

"चाळीस वर्षं माहीत आहे. पण वरच्यांच्या लक्षात आलेलं कोण धरत होतं? आता माझ्या लक्षात आलंय. काम माझं." तिने धाकटी खांद्यावर नीट सावरली. "पत्रेवाल्याला रविवारी घरी पाठवा. बुधवारनंतर इस्पितळात पाठवा. कुणाची हरकत?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

हरकतकाका उठून उभे राहिले. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली, ओठ हलवत एकेक डोकं मोजलं, खालचंही आणि माडीवरचंही.

"संख्या पूर्ण आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.